पत्रकावरचं नाव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या गायनाच्या बाईंचे. आमच्या घरात कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. बाई घरी येऊन वडिलांना म्हणाल्या, "याला दुकानात बसवू नका, शिकू द्या." म्हणून मी इंजिनीअर झालो आणि ओमानला पोहोचलो. शाळेची प्रार्थना आम्ही ज्या चालीवर म्हणायचो ती बाईंनीच लावलेली होती. भिंतीवरच्या फलकावर प्रार्थनेखाली कवीचं नाव होतं. बाईंचं नव्हतं.

दोन हजार सालानंतर काही वर्षं मी तिथल्या सोहारला होतो. बंदराजवळच्या एका कारखान्याच्या वसाहतीतल्या एसींची देखभाल माझ्याकडे होती. मुख्य इंजिनीअर जर्मन होते. त्यांच्या बंगल्यातला एसी थंडीतही बंद करायचा नाही, अशी सूचना होती. दिवाणखान्यात त्यांच्या पत्नीचा, म्हणजे मॅडमचा, पियानो होता आणि दमट हवेनं त्याचे सूर उतरत.

एकदा मॅडम वाजवत होत्या आणि फिल्टर काढताना मी ऐकत थांबलो. ही रचना कोणाची, असं माझ्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं.

"माझी," त्या म्हणाल्या.

तरुणपणी त्या फक्त नावाचं आद्याक्षर आणि माहेरचं आडनाव घालून प्रकाशकांना रचना पाठवायच्या. 'प्रिय महाशय' अशी सुरुवात करून कौतुकाची उत्तरं यायची. प्रत्यक्ष भेटायला गेल्या की बोलणं थांबायचं. पुढे उत्तरंही थांबली. हे सांगताना त्यांचा आवाज वरखाली झाला नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात वाजवाल का, असं मी विचारलं. त्या बराच वेळ पियानोचं झाकण पुसत राहिल्या.

"वाजवीन. पण छापलेल्या कागदावर माझं नाव पाहिजे. ज्या नावानं मी लिहिते ते. आजवर कुठे छापलेलं नाही."

त्यांनी ते मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. मी ते चिटणीसांना दिलं. चिटणीस रत्नागिरीकडचे, मनानं चांगले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पत्रक हातात आलं. त्यावर 'सौ.' आणि पुढे साहेबांचं पूर्ण नाव होतं.

"अहो, हे काय छापलंत?"

"काय चुकलं? साहेबांच्याच मिसेस ना त्या? मानानं सौ. लावलंय."

"मी नाव लिहून दिलं होतं."

"ते माहेरचं आडनाव होतं हो! लग्न झालेल्या बाईचं माहेरचं नाव छापलं तर साहेब काय म्हणतील? साहेबांनी दिलाय हा हॉल, पुढच्या वर्षी तुम्ही मिळवून देणार का? आता खलास, पत्रकं वाटून झाली."

मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. देवनागरी अक्षरांवर त्यांचं बोट फिरत होतं.

"यातलं माझं नाव कुठलं?"

मी खरं ते सांगितलं. त्यांनी पत्रकाची घडी घातली. "बरं," म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याला आवडेल."

मी निवेदकाला बरोबर नाव सांगून आलो. तो 'हो हो' म्हणाला आणि पत्रकच वाचलं. भाड्यानं आणलेल्या कीबोर्डवर त्या वाजवत होत्या तेव्हा मुलं खुर्च्यांमधून इंग्रजीत ओरडत पळत होती आणि मागे बटाटेवड्यांची ताटं लागत होती. टाळ्या पडल्या. बायकांनी प्रेमानं त्यांची ओटी भरली. नारळ आणि खण दोन्ही हातांत धरून त्या उभ्या राहिल्या. मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. मी खुर्च्या उचलायला लागलो.

आठवड्यानं बंगल्यावर गेलो. मॅडम म्हणाल्या, "एसी आता इतरांसारखा ठेवा. रात्रंदिवस चालू ठेवायची गरज नाही."

"पियानो?"

"असू दे."

मी बटण फिरवलं. घरी येऊन पत्र लिहिलं.

आदरणीय बाईंना साष्टांग नमस्कार. मी इथे खुशाल आहे. शाळेच्या प्रार्थनेची चाल तुमची आहे, हे फलकावर लिहावं, असं मी हेडसरांना कळवत आहे. त्याआधी एक विचारायचं होतं. तुमचं नाव कसं लिहायचं? माहेरचं की सासरचं, सौ. लावायचं की नाही, हे मला ठरवता येणार नाही. मी तुम्हाला नेहमी बाईच म्हटलं. तुमचं नाव तुमच्या अक्षरात एका वेगळ्या कागदावर लिहून पाठवा. रंगवणाऱ्याच्या हातात तोच कागद द्यावा, असं मी सरांना सांगेन. सुट्टीत आलो की फलक स्वतः पाहून येईन. इथली हवा आता थंड झाली आहे.