फ्लेक्सवरचा फोटो

"ऊठ. हा दुसरा पेपर. इथे, सगळ्यांसमोर सोडव."

दादरच्या क्लासमध्ये विधी प्रवेश परीक्षेच्या सराव चाचणीत मी पहिली आले, त्याचे हे बक्षीस. सरांनी मला फळ्याशेजारच्या स्टुलावर बसवले.

"राहतेस कुठे?"

"वरळी. बीडीडी चाळ."

"तरीच. अगं, तुम्हांला तसंही कमी मार्कांत मिळतं. मग कॉपीची मेहनत कशाला?"

वर्ग हसला. पहिला बाक सर्वांत मोठ्याने. तो बाक वकिलांच्या मुलांसाठी धरून ठेवलेला असे.

अर्ध्या तासापूर्वी याच गृहस्थाने शिकवले होते, की आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतले होते. त्यांना ते फक्त शिकवण्यापुरते ठाऊक होते.

मी रसायनशास्त्रात एमएस्सी केले आहे. एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढला, तर आमच्या बाई प्रयोगवही तोंडावर परत करीत. सरांकडे एकही निरीक्षण नव्हते. आडनाव होते. पत्ता होता.

तरीही मी पेपर सोडवला. लाज वाटते ती याची. त्यांच्या संशयाची नव्हे, माझ्या आज्ञाधारकपणाची. दोन गुण जास्त पडले. सर म्हणाले, "नशीब जोरावर आहे बाईंचं."

त्यानंतर त्या क्लासची पायरी मी चढले नाही. परळच्या एका अभ्यासिकेत एकटीने तयारी केली. निकाल लागला. पहिल्याच यादीत, खुल्या गटातून, हव्या त्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला.

आठवड्याभराने आई धापा टाकत घरी आली. "अगो, दादरला तुझा फोटो लागलाय! एवढा मोठा!"

मी जाऊन पाहिले. क्लासच्या दारावर फ्लेक्स. मधोमध मी, क्लासच्या प्रवेश अर्जावरच्या फोटोतली. खाली ओळ: 'आमच्या मार्गदर्शनाचे फळ'.

सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन पुढे आले. "ये बाळ, ये."

बाळ.

"फोटो काढून टाका. मी परवानगी दिलेली नाही."

"अगं, तुझ्याच भल्याचं आहे. चाळीतले लोक बघतील, आईला बरं वाटेल."

"मग खाली लिहा, हिला आम्ही कॉपीचोर ठरवलं होतं. पुराव्याशिवाय. ते लिहिलंत तर फोटो राहू दे."

"एवढं मनाला लावून घेतात का? गंमत केली होती."

"फोटो हटवण्याचा लेखी अर्ज घरूनच लिहून आणलाय. पोच द्या."

पोच देण्याआधी त्यांनी पेढ्यांचा बॉक्स बंद केला. मी ते निर्विकारपणे पाहिले, निरीक्षण म्हणून.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर माझ्या जागी चौकोनी भोक होते. आई हिरमुसली. तिला मी सगळे सांगितले, स्टुलापासून. मग ती म्हणाली, "भोकच बरा दिसता."

निरपराध असल्याचा पुरावा मी एकदा दिला. पुन्हा कुणालाही देणार नाही. ज्याला आरोप करायचा आहे, त्याने पुरावा घेऊन यावे. उलटतपासणी मी घेईन.