राजाच्या महालाची पांढरी माती

आमच्या राळेगाव तालुक्यातल्या गावाला नदीकाठी गोंड राजाचा महाल होता म्हणतात. आता उरलंय काय, तर एक दगडी कमान आणि पांढऱ्या मातीची दोन पुरुष उंच भिंत. दिवाळीआधी आम्ही बाया घर पोतारायला तिथलीच माती आणतो. घरं सिमेंटची झाली, तरी चुलीमागची भिंत त्याच मातीनं पोतारायची, हा माझा हट्ट. वरची माती पावसानं खराब होते, म्हणून सगळ्याजणी बुडातूनच कोरतात. कोरून कोरून तिथं माणूस मावेल एवढं भगदाड झालं होतं. अक्कल गहाण ठेवली होती आम्ही, दुसरं काय!

मागच्या वर्षी सकाळीच मी आणि माझी धाकटी जाऊ गेलो. ती काडीसारखी, म्हणून मीच म्हटलं, "तू घुस वं आत, मी बाहेर घमेलं धरतो."

"बाई, वरून माती झरून राह्यली," ती आतून म्हणाली.

"भेकड कुठली! भर लवकर."

आणि धप्पकन भिंत बसली. सांगायला लाज वाटते, पण मी पळाले. मदत आणायला नाही, नुसतीच पळाले, थेट कमानीपलीकडं. मागून हाक आली, "बाई वं!" तेव्हा कुठं परतले.

ती छातीपर्यंत गाडली गेली होती, तिला धड श्वास घेता येईना. वर उरलेली भिंत तशीच लोंबकळत होती. मी घमेल्यानं, नखांनी माती उपसली. वरून खडा पडला की वाटे, आता दोघीही गेलो. माय वं, काय ते भ्याव! कसं ओढलं तिला, देव जाणे. नदीवर नेऊन तिला पाणी पाजलं आणि मलाच ओकारी आली.

घरी सासूबाईंनी माझीच दृष्ट काढली. "थोरली होती म्हणून वाचली पोरगी!" आता ही सांगेल, मग सांगेल, म्हणून माझा जीव टांगणीला. तिनं नुसती मान डोलावली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्षभर तिच्याजवळ एकटीनं बसायलाही मी घाबरायची.

परवा घराची झाडझूड काढली. मी म्हटलं, यंदा विकतचा चुनाच आणू. तिनं घमेलं उचललं, माझ्या हातात दिलं.

"बाई, यंदा आत तुम्ही जा. मी बाहेर उभी राह्यतो."