तिसरी रेघ

दुपारी जेवण झालं की मी आडवी होते. झोपत नाही, झोपतात म्हातारी माणसं. नुसते डोळे मिटते. आज मिटल्या डोळ्यांपुढं पंख्याची पाती सावकाश होत जातात, आणि उशाशी सर्जेराव बसलेला असतो. माझा थोरला. ट्रकसकट घाटाच्या वळणावरून खाली गेला, त्याला वर्ष होत आलं.

"जेवलास का?" मी विचारते. गेलेल्याला दुसरं काय विचारायचं?

"आये, सरक जरा."

सरकते तर खाली गादी नाही, ट्रकचं सीट आहे. ट्रक माझाच. तीन आहेत, नवऱ्यामागं मी एकटीनं उभे केलेले. काचेपलीकडं माझी शाळा आहे, जिथं मी दुसरीपर्यंत बसले ती. फळ्यावर एक रेघ, तिरकी वर चढत गेलेली.

तिला मी ओळखते. ट्रकमधल्या यंत्रानं टिपलेली ती रेघ वकिलानं मला न् सुनेला कागदावर दाखवली होती. शेवटपर्यंत चढती, कुठंही खाली आलेली नाही. वकील काहीबाही सांगत होता, मी उठून आले. मला कळायचं ते कळलं होतं. वेग चढतच गेला, पोरानं ब्रेक मारलाच नाही. तो गेला त्याच सकाळी मी त्याला म्हटलं होतं, धंदा तुझ्या हाती दिला तर वर्षात विकून खाशील. कुणाला काही बोलले नाही मी. सुनेलाही नाही.

"मुद्दाम गेलास?" आज विचारते.

"कशावरनं?"

"रेघ चढतीये ना. आंधळी नाही मी."

"ती मी कुठवर आलो त्याची रेघ, आये. गाडी पुढं जाते तोवर ती चढणारच. ब्रेक मारला तरी चढणार, फक्त आडवी होत जाणार. शेवट बघ."

शेवटी रेघ खरंच आडवी कललेली आहे. तो खडूनं फळ्यावर दुसरी ओढतो. "हा वेग." ती सपाट जाते आणि शेवटाला घसरते. खाली तिसरी. "वेग वाढतोय का घटतोय, ते हिच्यावर. शून्याच्या वर गेली तर वाढतोय, खाली गेली तर घटतोय."

तिसरी रेघ शून्यावरून चालते, चालते, आणि एकदम खाली कोसळते.

"दोन्ही पायांनी दाबला होता," तो म्हणतो.

मी सहज सोडणारी नाही. "मग इतक्या उशिरा का? वळण काय त्या दिवशी बांधलं होतं?"

तो खडू ठेवतो. वर्गातली बाकं उतारानं खाली सरकू लागतात.

"तोवर तुला उत्तर देत होतो. मनात. सकाळचं."

"काय उत्तर?"

"संपलं नव्हतं अजून."

काचेत कठडा येतो. "दाब की रे," म्हणत मी त्याच्या पायावर पाय ठेवते, जीव खाऊन दाबते. वेगाची रेघ खाली येते, येते. शून्य अजून वीतभर लांब.

"आत्याबाई, उठा." सून मला हलवतेय.

"सर्जानं ब्रेक मारला होता," मी म्हणते.

"वकील तेच सांगत होते. तुम्ही उठून गेलात. मला वाटलं, तुम्हाला माहितेय."

पोटरीत गोळा आलाय. उजव्या टाचेखाली गादीचं कापड फाटून कापूस वर आलाय.

"पाय उचला, बघू," ती म्हणते.

"थांब जरा," मी म्हणते, आणि टाच तशीच दाबून धरते.