अग्नी धाकट्याने दिला

एडिसनमधल्या त्या खोट्या शपथेच्या तक्रारीची आठवण निघाली की मला आजही आधी हायसं वाटतं आणि मग थोडा रागच येतो. मी पुण्याहून न्यू जर्सीत शिकायला आलो, इथला नागरिक झालो आणि पोलिसात शिरलो. ‘एवढं शिकून शेवटी हवालदारच झालास’ हे घरच्यांचं वाक्य मला निवृत्तीपर्यंत पुरलं. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी काउंटीच्या सरकारी वकिलांकडे तपास अधिकारी होतो. मराठी नावाची फाईल न विचारता माझ्याच टेबलावर येई.

टेक्सासमधल्या शुगर लँडहून एकाचा फोन आला. एडिसनला राहणारे त्याचे काका वारले होते. काकू आधीच गेलेल्या, मृत्युपत्र नाही. आमच्या राज्यात वारसा कर होता, पण मुलाला, मग तो दत्तक का असेना, तो लागत नसे. मालमत्ता बेताची असली तर सविस्तर हिशेबही मागत नसत. ‘मी मुलगा’ असं शपथेवर लिहून दिलं की बँक खातं मोकळं करी. काकूंच्या बहिणीच्या मुलाने तसं लिहून दिलं होतं.

‘तो त्यांना काकाच म्हणायचा,’ फोनवरचा पुतण्या म्हणाला. ‘सन कुठून झाला? सरळ चीटिंग आहे हे.’

तो मुलगा ठरला नाही तर वारस हा पुतण्याच होता, हे मात्र त्याने आपणहून सांगितलं नाही. तक्रारदाराचा फायदा काय, हे मी तक्रार लिहून झाल्यावर विचारत असे. तोवर माणूस सैलावलेला असतो.

पुढच्या आठवड्यात शपथेवर लिहून देणारा तो तरुण आला. नागपूरचा, वर्क व्हिसावरचा इंजिनिअर, आडनाव वेगळं. गुन्हा दाखल झाला तर नोकरीही जाणार आणि व्हिसाही, हे त्याला ठाऊक होतं. मी त्याचे हक्क वाचून दाखवले, टेप सुरू केली.

‘सर, मला दत्तक दिलं होतं. तिसरीत होतो. होम वगैरे सगळं झालं.’

‘कागद?’

‘नाही केला. घरातल्या घरात कशाला, म्हणाले सगळे. शाळेतही नाव चेंज केलं नाही.’

इथे माझं डोकं फिरलं. पंगती उठवायला सगळ्यांना वेळ होता, कचेरीत एक खेप घालायला कुणालाच नव्हता. आमच्या सरकारी वकीलबाईंचं म्हणणं सरळ होतं: असं कुणीही सांगेल.

खोटं रचणारा आपल्या फायद्याचंच रचतो, तोट्याचं रचायचं त्याला सुचत नाही. म्हणून मी तोट्याचं विचारलं.

‘जन्म देणारे वडील आहेत?’

‘नाही. मी सेकंड इयरला असताना गेले.’

‘अग्नी कुणी दिला?’

‘धाकट्या भावाने. मी थोरला, पण मला बाजूला उभं केलं. गुरुजी म्हणाले, याचं गोत्र बदललंय. सुतकसुद्धा तीनच दिवस धरलं मी.’ मग तो रडायला लागला.

वकीलबाईंना मी समजावलं की थोरला हजर असताना आमच्यात बापाला धाकटा अग्नी देत नाही. त्या वेळी काका अमेरिकेत आलेलेही नव्हते. इथला कर चुकवायला कोण आपल्या बापाच्या चितेपासून लांब उभा राहील? भारतातल्या कायद्यानेही मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं असेल तर कागदावाचून दत्तक होतं, फक्त ते सिद्ध करावं लागतं.

मी शुगर लँडला फोन लावला. ‘त्या दत्तकाच्या पंगतीला तुम्ही होता का?’

‘होतो. पण ते फॅमिली फंक्शन होतं, यार. लीगल थोडंच होतं?’

राहिली होती ती देणाऱ्याची साक्ष. जन्मदात्या आईने नागपुरात नोटरीसमोर लिहून दिलं: हा मुलगा मी बहिणीला दिला, त्याच्यावर माझा हक्क नाही. फाईल बंद झाली आणि मी कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

खरं बोलणाऱ्या माणसाजवळ पुरावा असतो, पण तो पुरावा आहे हे त्याला माहीत नसतं. ते विचारून काढणं हेच आमचं काम, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

बातमी सांगायला मी नागपूरला फोन केला.

‘म्हणजे तो त्यांचाच मुलगा ठरला ना?’ बाईंनी विचारलं.

‘ठरला.’

‘बरं झालं,’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, ‘साहेब, तो जेवला का?’