आत्याचं तेल

पेट्रोलियम भूगर्भशास्त्राचं शेवटचं वर्ष नुकतंच संपवलेल्या एका मुलीला घरात सगळे चौकशीबाई म्हणत. जमिनीच्या पोटात काय दडलंय आणि शेजारी कोण पाहुणे आलेत, दोन्ही तिला सारख्याच उत्सुकतेनं हवं असे. तेल कंपनीच्या मुलाखतीला निघताना आत्यानं तिला धरून बसवलं आणि "डोकं थंड राहील गं," म्हणत टाळूवर चांगलं वाटीभर तेल जिरवलं.

मुलाखतीत साहेबांनी तिच्या हातात तेलविहिरीतून काढलेला वालुकाश्म ठेवला. असल्या दगडात खनिज तेल असलं, तर तो अतिनील दिव्याखाली चमकतो.

"यात तेल आहे की नाही, सांगा. नोकरी यावरच ठरेल."

विचार करताना तिनं सवयीनं डोकं खाजवलं, दगड दिव्याखाली धरला, आणि काय, तो निळसर चमकला! "आहे" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण चमक फक्त बोटं टेकली तिथंच का, हा किडा काही वळवळायचा थांबेना. तिनं हातोडी मागून दगड फोडला. दिव्याखाली आत मिट्ट काळोख.

"तेल आहे सर, पण विहिरीचं नाही. माझ्या आत्याचं."

साहेबांना हसू आवरेना. "सोमवारी रुजू व्हा. येताना केस तेवढे धुऊन या."

नोकरी आपल्याच तेलानं लागली, असं आत्या सगळ्यांना सांगत सुटली. चौकशीबाई मात्र आत्याच्या तेलाची बाटली घेऊन प्रयोगशाळेत पळाली. ते तेल दगडाशिवाय नुसतं कसं चमकतं, हे बघायचं राहिलं होतं ना!