नवसाचं शुद्धिपत्रक

दिनानाथांना शरदचंद्रांविषयी खरं तर फारच थोडं माहीत होतं. कुळगावातल्या एकाच इमारतीत दोघं सात वर्षं राहिले, दिनानाथ पहिल्या मजल्यावर आणि शरदचंद्र तळमजल्यावर. रोज सकाळी बोलणं व्हायचं. पण शरदचंद्र मूळचे कुठले, त्यांचं लग्न झालं होतं की नाही, भिंतीवरच्या फोटोतली बाई त्यांची आई की मोठी बहीण, हे कुणी विचारलं असतं तर दिनानाथांना सांगता आलं नसतं. विचारायचं राहूनच गेलं. आधी वाटलं, इतक्यात कसं विचारायचं, आणि मग वाटलं, आता इतक्या वर्षांनी कसं विचारायचं.

माहीत होतं ते एवढंच, की शरदचंद्र अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत खरेदी खात्यात होते, आणि त्यांना भुताखेताच्या गोष्टी वाचायचा नाद होता. जुन्या मासिकांतल्या भयकथा ते कापून ठेवत आणि शंभरेक पानं जमली की उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये कमलेश नावाच्या बाइंडरकडे नेऊन त्याची जाड पुस्तकं करून आणत. एकदा दिनानाथ बरोबर गेले होते. कमलेशने पुस्तक दोन बोटांत धरून पुढे केलं.

"साईं, ये ले जाओ जल्दी. मेरी घरवाली बोलती है, ये आदमी का माल दुकान में मत रखो."

"का, रात्री पानं फडफडतात?" शरदचंद्रांनी विचारलं.

"फडफडता नहीं, पर मैंने एक पढ़ लिया. दो दिन से कुछ माँगने की हिम्मत नहीं होती."

त्यावर शरदचंद्र इतके खूष झाले की त्यांनी कमलेशला चहा पाजला.

कारण शरदचंद्रांचं म्हणणंच ते होतं. भूत बिचारं फारसं काही करत नाही, माणूस मागायला जातो तिथं घोळ होतो. त्यांची एक आवडती गोष्ट होती. एका बाईने मागितलं, नवरा माझ्या नजरेआड कधी होऊ नये. तिसऱ्या दिवशी नवरा विहिरीत पडून गेला, आणि तेव्हापासून ती जिकडे बघेल तिकडे तो ओल्या कपड्यांनी उभा. "आता यात देणाऱ्याचं काय चुकलं?" शरदचंद्र विचारत. "तिने जिवंत म्हटलंच नव्हतं."

तिन्हीसांजेला घरात वाईट बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो, असं दिनानाथांची आई सांगायची. शरदचंद्र म्हणत, तो वाईटाला म्हणतो तसाच चांगल्यालाही म्हणतो, आणि खरी भीती तिथं आहे. ते त्याला पुरवठादार समजत. ऑर्डरीत लिहिलं तेच येणार, मनात होतं ते नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी कारखान्यासाठी रबरी हातमोजे मागवले होते, पाचशे नग. जोडी हा शब्द घालायचा राहिला. पाचशे हातमोजे आले, सगळे डाव्या हाताचे.

"साहेब ओरडले का?" दिनानाथांनी विचारलं होतं.

"नाही. ते म्हणाले, कागद वाचा. मी वाचला. बरोबर होता."

त्यामुळे इमारतीत एक चमत्कारिक पद्धत पडून गेली. कुणाला नवस बोलायचा असला की तो आधी शरदचंद्रांकडे जायचा. सुरुवात थट्टेत झाली, पण पुढे लोक खरंच येऊ लागले. मागच्या चाळीत राहणाऱ्या बनूबाई नातवासाठी आल्या. त्यांचं मागणं साधं होतं, अक्षयला नोकरी लागू दे. शरदचंद्रांनी चष्मा लावला, पाठकोरा कागद घेतला आणि विचारायला सुरुवात केली. नोकरी कुठं? किती दिवस टिकणारी? कुणाला काढून त्याच्या जागी चालेल का? बनूबाई घाबरून म्हणाल्या, "नको रे बाबा, कुनाचा तळतळाट नको." मग मजकूर तयार झाला: अक्षयला जवळपास, कायमची, कुणाचं नुकसान न होता नोकरी लागावी. बनूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो पाठ केला. अक्षयला कुठल्याशा गोदामात काम लागलं आणि शरदचंद्रांचं नाव झालं. ते स्वतः देवळात गेलेले मात्र दिनानाथांनी कधी पाहिले नव्हते.

दिनानाथांनी त्यांच्याकडून काही लिहून घेतलं नव्हतं. त्यांना मागण्यासारखं एकच होतं, आणि ते मोठ्याने बोलायचा संकोच वाटायचा. मुलगा गंधार नऊ वर्षं बंगळुरात होता. सून श्रद्धा, नात ओवी तिथंच. घरातली मागची खोली इस्त्रीचे कपडे ठेवायला उरली होती.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी गंधारचा फोन आला. "बाबा, आम्ही येतोय. राहायलाच. पुढच्या महिन्यात."

"का रे?"

"आल्यावर बोलू. एक गोष्ट आहे, ती फोनवर नको."

फोन ठेवला तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या बायकोच्या, कुंदाताईंच्या, डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. "मी सांगितलं नव्हतं तुम्हाला," त्या म्हणाल्या, "पण नवरात्रात मी देवीला बोलले होते. गंधार घरी येऊन राहू दे, तुला पाच नारळांचं तोरण बांधीन."

"एवढंच बोललीस?"

"मग काय भाषण करू?"

"नोकरी राखून वगैरे काही?"

"अहो, देवी आहे ती. तिला कळत नाही का?"

दिनानाथांचा स्वतःचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, पण सात वर्षं रोज सकाळी तो माणूस ऐकल्यावर कानाला सवय लागते. गंधार घरी येऊन राहू दे. किती तऱ्हांनी येऊ शकतो माणूस घरी? नोकरी जाऊन येतो. आजार घेऊन येतो. संसार मोडून येतो. पण तो 'आम्ही' म्हणाला होता. ते जेवले नाहीत. कुंदाताई म्हणाल्या, "आनंदाने पोट भरलं वाटतं," आणि त्यांनी भाकरी झाकून ठेवली.

सकाळी ते तळमजल्यावर गेले. शरदचंद्रांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

"नेमके शब्द काय?"

दिनानाथांनी सांगितले.

"हं. उघडी ऑर्डर आहे, अट एकही नाही." त्यांनी चष्मा पुसला. "एक तुम्ही विसरलात. मुलं घरी कधी येतात, दिनानाथराव? आई-बापांपैकी कुणाचं काही झालं की येतात."

हे दिनानाथांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते खुर्चीवर बसले.

"घाबरू नका. माल अजून निघालेला नाही. शुद्धिपत्रक काढता येईल."

"म्हणजे?"

"ऑर्डर गेली आणि चूक लक्षात आली, की आम्ही मागून एक कागद पाठवायचो. अमुक क्रमांकाच्या मागणीत अमुक मजकूर वाचावा. पुरवठादार ते मानतात. फक्त ज्याने ऑर्डर काढली त्यानेच सही करावी लागते. तुमच्या बोलण्याने भागणार नाही. वहिनींना यावं लागेल."

वर जाऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा कुंदाताईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही दोघं आता देवीला कारकून करणार."

"वहिनी, कारकून मीच आहे. देवी मॅनेजर."

"भावोजी, तुम्ही यांना बिघडवलंत. आधी हे रात्री दिवा घालवायला तरी उठायचे."

पण त्या आल्या. नवऱ्याने आदल्या रात्री भाकरीला हात लावला नव्हता, हे त्यांनी मनात ठेवलं असावं. मंगळवारी सकाळी तिघं रिक्षाने गावातल्या देवीच्या देवळात गेले. बाहेर ठमाबाई ओटीचं सामान विकत बसली होती. शरदचंद्रांच्या हातातला घडी केलेला कागद तिने पाहिला.

"काय हो, अर्ज हाय का? देवीला वाचाया येतो का कागूद?"

"बाई वाचून दाखवणार आहेत," शरदचंद्र म्हणाले.

"तिला सगला ठाव हाय. मानूस तोंड उघडायच्या आधी ठाव हाय तिला."

"मग आम्ही बोलतो ते कशाला ऐकते?"

ठमाबाईने नारळाची शेंडी ओढून सरळ केली. "तुमाला बरा वाटावा म्हनून."

शरदचंद्रांनी दोन गजरे जास्त घेतले, आणि ते द्यायला बरोबर कुणीच नसल्यामुळे दोन्ही कुंदाताईंना दिले.

कुंदाताई आत गेल्या. चष्मा घरी राहिला होता, म्हणून दिनानाथांनी कागदावरून एकेक ओळ हळू सांगायची आणि त्यांनी देवीकडे बघून म्हणायची. नवरात्रात बोललेल्या नवसात पुढीलप्रमाणे वाचावं. गंधार, श्रद्धा आणि ओवी घरी राहायला यावीत. आनंदाने यावीत. कुणाची नोकरी, तब्येत, संसार न बिघडता यावीत. ती येतील तेव्हा आम्ही दोघं धडधाकट असावं. शेवटच्या ओळीला कुंदाताईंचा आवाज जरा बदलला. त्यांनी मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं, आणि या माणसाला त्या दिवशी काय वाटलं असेल ते त्यांना तिथं कळलं. मग त्यांनी स्वतःचं एक वाक्य घातलं, कागदात नसलेलं: "आणि यांना जेवण जाऊ दे."

शरदचंद्र बाहेर पायरीवर बसून राहिले होते. कुंदाताई प्रदक्षिणेला गेल्या तसे दिनानाथ त्यांच्याजवळ येऊन बसले.

"तुम्ही आत नाही आलात."

"मी मागत नाही." मग चपलेचा बंद सारखा करत ते म्हणाले, "एकदा मागितलं होतं. खोपोलीला होतो तेव्हा. अंबरनाथला बदली मिळू दे म्हणालो, इथल्यासारख्याच एका देवळात. आठ दिवसांत मिळाली. इथल्या खुर्चीवर बसणारा माणूस अचानक गेला होता. बेचाळीस वर्षांचा. मी आलो तेव्हा खणात त्याचा डबा होता. धुतलेला नव्हता."

दिनानाथांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"तो माझ्यामुळे गेला असं मी म्हणत नाही. मी काही वेडा नाही. पण त्या टेबलावर बावीस वर्षं बसलो. तेव्हापासून मजकूर नीट लिहायला लागलो." ते हसले. "चला, वहिनी आल्या."

विचारण्यासारखं पुष्कळ होतं. डब्याचं काय केलंत, घरच्यांना भेटलात का. दिनानाथांनी विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर त्यांनी शरदचंद्रांचा हात धरून त्यांना वर घेतलं, आणि गरज नसताना थोडा वेळ धरून ठेवला.

गंधार ठरल्या दिवशी आला. भाड्याच्या मोठ्या गाडीतून आधी ओवी उतरली, मग श्रद्धा, मग गंधार. तिघंही ठणठणीत. दिनानाथांनी गॅलरीतून तिघांना दोनदा मोजून घेतलं. श्रद्धाला उल्हासनगरच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली होती, आणि गंधारला कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली होती. कुणाचं काही गेलं नव्हतं.

"मग फोनवर न सांगण्यासारखं काय होतं?" दिनानाथांनी कुंदाताईंबरोबर खाली जाऊन विचारलं.

गंधारने आईकडे पाहिलं आणि गाडीचं मागचं दार उघडलं. आतून वासराएवढा एक पिवळट कुत्रा उतरला, अंग झाडलं आणि सरळ कुंदाताईंच्या पायाशी जाऊन बसला. लहानपणी गंधारने मांजराचं पिल्लू आणलं होतं तेव्हा कुंदाताई दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

"आजी, हा सोनू," ओवी म्हणाली. "तो खूप शहाणा आहे. फक्त झोपायला त्याला सोफा लागतो."

कुंदाताईंनी त्या जनावराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "वाचा तुमचा कागद. यात हा कुठं बसतो?"

दिनानाथ तसेच तळमजल्यावर गेले. "शरदराव, कुत्रा आलाय."

शरदचंद्रांनी कपाटातून कार्बन कॉपी काढली. नवसाचीही त्यांनी कार्बन कॉपी ठेवली होती. ती त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली आणि कपाळाला हात लावला. "माणसंच, असं म्हणायचं राहिलं." आणि मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. दिनानाथांनी पाणी आणून दिलं. त्या माणसाला असं हसताना त्यांनी त्याआधी पाहिलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात सोनूने दिनानाथांची एक चप्पल खाल्ली आणि दुपारी झोपायचा त्यांचा सोफा कायमचा घेतला. कुंदाताईंनी पाच नारळांचं तोरण बांधलं आणि देवीला सांगितलं, पावलं, पावती मिळाली, आता जास्त काही पाठवू नकोस. जेवताना दिनानाथ दोनदा वाढून घेऊ लागले.

माघ संपता संपता शरदचंद्र चार दिवसांसाठी म्हणून चिपळूणला भाचीकडे गेले आणि तिथंच झोपेत गेले. भाचीचा फोन आला तेव्हा दिनानाथांना कळलं की त्यांना भाची होती. घर आवरायला ती आली, दिनानाथ आणि गंधारने तिला मदत केली. कपाटात नवसांच्या कार्बन कॉप्यांची फाइल निघाली. भिंतीवरचा फोटो तिने उतरवून पिशवीत घातला. तो कुणाचा, हे दिनानाथांनी तेव्हाही विचारलं नाही.

चिपळूणला निघायच्या दिवशी सकाळी शरदचंद्र पिशवी घेऊन फाटकापाशी रिक्षाची वाट बघत उभे होते. दिनानाथ दूध आणायला निघाले होते. वरून ओवीचा आवाज येत होता आणि कुंदाताई कुणावर तरी ओरडत होत्या, बहुधा सोनूवर.

"सगळे उठले वाटतं," शरदचंद्र म्हणाले.

"हो, सगळे."

"किती घेता दूध?"

"एक लिटर."

"पुरणार नाही. दीड घ्या."

"घेतो," दिनानाथ म्हणाले.