फोटोतला धुरा

माझ्या हातून काय घोळ झाला ते सांगतो, पण आधी कप खाली ठेवा. मागे हा किस्सा ऐकताना आमच्या साडूच्या नाकातून चहा आला होता.

मी अमरावतीचा, नोकरी अकोल्यात, आणि डोक्यात कॅमेऱ्याचं वारं. त्यातही साधा फोटो काढायची मला लाज वाटायची. आपण काढायचा तो पॅनोरामा. म्हणजे एका जागी उभं राहून, थोडं थोडं फिरत, ओळीने फोटो घ्यायचे आणि मग कॉम्प्युटरवर ते एकमेकांना जोडून एकच लांबलचक देखावा करायचा. बायको याला फोटोची गोधडी म्हणते. तिला कलेतलं काय कळतं, असं मी तेव्हा मनात म्हणायचो.

माझे सासरे अकोटकडचे शेतकरी. सगळे त्यांना दादाजी म्हणतात. त्यांनी नवं घर बांधलं आणि वास्तूच्या जेवणाला मांडवात लावायला वावराचा मोठा फोटो पाहिजे म्हणाले. आता खरी गोम ऐका. त्यांच्या वावराला लागून त्यांच्या चुलत भावाचं, गुलाबकाकांचं वावर. मधे धुरा, म्हणजे बांध. माझ्या लग्नानंतर त्या धुऱ्यापायी दोघांचं असं बिनसलं, की बोलणं बंद. हे म्हणत त्याने नांगर आत घातला, ते म्हणत ह्याने. शेवटी सरकारी मोजणी झाली, दगड रोवले गेले, आणि इतक्या वर्षांनी गुलाबकाका दादाजींकडे जेवायला यायला तयार झाले. पूजा वास्तूची, पण सगळ्या घराचा जीव टांगलेला होता तो गुलाबकाका पानावर बसतात की नाही यावर.

हे सगळं मला माहीत होतं. पुन्हा सांगतो, माहीत होतं.

विहिरीवरच्या खोलीच्या स्लॅबवर चढून मी फोटो घेतले. घरी येऊन जोडायला बसलो. कपाशी जुळली, आभाळ जुळलं, मागचा सातपुडाही जुळला. धुरा तेवढा जुळेना. एका फोटोत खाली, शेजारच्या फोटोत वर, आणि जोडावर मोडलेल्या हातासारखा. खरं कारण असं, की कॅमेरा मी वाकडा धरला होता. पण आपली चूक आपल्याला कधी दिसते का? मला दिसलं ते पुसायचं साधन. शेजारची कपाशी उचलून उचलून धुऱ्यावर पेरली. गवत गेलं, बाभळी गेल्या, मोजणीचे दगडही गेले. असा गुळगुळीत देखावा झाला, की मी खुर्चीतून उठून लांबून पाहिला.

बायकोला दाखवला का? छे. थेट अकोल्यात फ्लेक्स छापायला टाकला, मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. फ्लेक्सवाला म्हणाला, "सर, एवढा तर आमी कोन्या पुढाऱ्याच्या वाढदिवसालेही नाई छापला." मी फुललो.

वास्तूच्या दिवशी शिडीवर चढून दोऱ्याही मीच बांधल्या. गुलाबकाका आले. दादाजींनी त्यांना हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं, बरोबर फ्लेक्ससमोर. पानात रोडगे आणि वांग्याची भाजी पडली. काकांनी रोडगा कुस्करला, वर पाहिलं आणि हात तसाच राहिला.

"दादा, हे आपलंच वावर होय ना?"

"हो ना. जावईबापूनं काढला फोटो."

"मंग धुरा कुठी हाये?"

सगळी पंगत फ्लेक्सकडे पाहायला लागली. दादाजींनी चष्मा लावला, पुसला, पुन्हा लावला. धुरा कुठून सापडणार?

काका उठून उभे राहिले. "मले काहून बोलावलं मंग? माहं वावर गिळलं, हे साऱ्या गावाले दाखवाले?"

इथे शहाण्या माणसाने वरणाची बादली उचलून मागच्या पंगतीत पळायला हवं होतं. मी पुढे गेलो.

"काका, दादाजींचा काही संबंध नाही. धुरा मी काढला."

"तुमी?"

"हो. वाकडा दिसत होता."

"मोजणीचा धुरा वाकडा?"

"म्हणजे जोडात बसत नव्हता. म्हणून वर कपाशी लावून टाकली. सोपं असतं, कोणाला कळतही नाही."

"आयका," काका पंगतीला म्हणाले, "कोणाले कळत नाई म्हणते."

माझी बायको वाढता वाढता खांबाआड गेली. तरी मी थांबलो का?

"पण मूळ फोटोतले दगड आहेत माझ्याकडे," मी म्हणालो. "तुम्ही सांगाल तिथे धुरा बसवून देतो. थोडा इकडे पाहिजे, थोडा तिकडे, बोला फक्त."

दादाजी कपाळाला हात लावून म्हणाले, "अर्धी हयात भांडलो आमी, अन् हा मानूस इचारून राहिला, कुठी बसवू?"

काका दादाजींकडे वळले. मग हळूच म्हणाले, "दादा, हा जावई तुले कोणं पाहून देल्ला?"

"तुनंच त. सोयरीक तूच आणली होती."

काकांनी आठवलं. चेहरा उतरला. "मंग हे माहंच पाप हाये," म्हणाले आणि पुन्हा पानावर बसले. दादाजी आधी हसले, मग सासूबाई रडता रडता हसल्या, आणि मग गावाला हसायला कोणाची परवानगी लागते?

जेवणं झाल्यावर दोघा भावांनी फ्लेक्स खाली उतरवला. काकांनी विळा मागितला आणि त्याचं टोक फ्लेक्सवर एका जागी टेकवलं. "धुरा अठून जाते ना रे?" "हो, अठूनच." मोजणीवाला नाही, साक्षीदार नाही, दोघांचं पहिल्या बोलात एकमत. फ्लेक्स बरोबर मधून कापला आणि कुटार, म्हणजे गुरांचा सुका चारा, झाकायला अर्धा अर्धा घेतला.

आता दोघे एकमेकांकडे जेवतात, माझं नाव काढून हसतात. एकाच गोष्टीवरून त्यांचं आजही पटत नाही. फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात मी माझं नाव मोठ्या सोनेरी अक्षरांत टाकलं होतं. तेवढी पट्टी त्यांनी कापून वेगळी काढली; ती ना दादाजींना पाहिजे, ना काकांना. एक म्हणतो, "सोयरीक तुही, तू ने." दुसरा म्हणतो, "जावई तुहा." तर ती पट्टी अजून धुऱ्यावर पडली आहे, कारण दोघेही म्हणतात, ती आपल्या हद्दीत येत नाही.